पिकवणे आणि विकणे स्वतःच्या हाती आले, तर माणूस कितपत मोकळा होतो?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

घरी लागणारे अन्न शक्य तितके स्वतः पिकवावे आणि गरजेपेक्षा जास्त आलेले मध्यस्थाशिवाय विकावे किंवा कोणाला देऊन त्याच्याकडचे काही आपण घ्यावे, एवढ्याने माणूस अधिक स्वतंत्र होतो का, असा माझा प्रश्न आहे. सेंद्रिय अन्नाची चव, आरोग्य, मातीत हात घातल्याने मिळणारे समाधान या गोष्टी मला मान्य आहेत, परंतु त्यांवर इतरत्र पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून या धाग्यात त्या बाजूला ठेवाव्यात अशी विनंती. नोकरी देणारा, माल विकणारा आणि नियम करणारा या तिघांवरचे आपले अवलंबन या मार्गाने खरोखर कमी होते, की केवळ मालक बदलतो, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

माझी परिस्थिती थोडक्यात अशी. वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे. चाकण भागात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो आणि ती किती वर्षे टिकेल याचा अंदाज बांधता येत नाही. राहायला सिंहगड रस्त्यावर आहे. इमारतीच्या गच्चीचा एक भाग बागेसाठी वापरू देण्याची सोसायटीची तयारी आहे. पुरंदर तालुक्यात वडिलांच्या नावे तीस गुंठे जमीन आहे, ती सध्या भावकीतले एक जण वाट्याने करतात.

वाचताना मला एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन वाटा दिसल्या. विनोबांनी १९५० पासून पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला, म्हणजे पैशाचा आधार सोडून, बैलही न जोडता, हाताने जमीन कसून त्यावर जगण्याचा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी पाच माणसांच्या कुटुंबाला नीट अभ्यास करून कसलेले दहा गुंठे पुरतात असे मांडले आणि प्रयोग परिवाराच्या माध्यमातून ते अनेकांना करून पाहायला लावले. दुसऱ्या बाजूला शेतकरी संघटनेचे शरद जोशी. मी रोज कामाला जातो त्याच चाकणमध्ये १९८० साली त्यांनी कांद्याचे आंदोलन उभे केले, आणि पुढे आयुष्यभर त्यांची मागणी बाजाराच्या आणि तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची राहिली. पहिली वाट सांगते की बाजारापासून दूर राहा. दुसरी सांगते की बाजारात मोकळेपणाने जाऊ द्या आणि मध्ये कोणी येऊ नका. यांपैकी एकट्या माणसाच्या किंवा एका घराच्या स्वातंत्र्याशी जास्त जवळची कोणती? आणि माझ्यासारख्याने सुरुवात करायची तर गच्चीवरून करावी की तीस गुंठ्यांवरून?

जिरायती

मी तुमच्याच तालुक्यातला आहे आणि शेतीवरच घर चालवतो, त्यामुळे विकण्याच्या बाजूने उत्तर देतो.

स्वातंत्र्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. समोरच्याने सांगितलेला भाव मला नाकारता येतो का? नाकारता येत असेल तर मी त्या दिवसापुरता स्वतंत्र आहे, आणि येत नसेल तर जमीन माझ्या नावे असली, बियाणे घरचे असले आणि खत शेणाचे असले तरी नाही. आता हे नाकारणे कशावर अवलंबून असते ते पाहा. आमच्या भागातले अंजीर नावाजलेले आहे, पण ते झाडावरून उतरवले की दुसऱ्या दिवशी त्याला भाव मागण्याची माझी ताकद निम्म्याने उतरलेली असते. सीताफळाचे तेच. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाडी उभी केल्यावर, भाव पटला नाही म्हणून माल परत सासवडला आणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. याउलट बाजरी, हुलगा, मटकी, वाळवलेला पावटा यांना थांबता येते, आणि माल थांबू शकतो तेव्हा माणूसही थांबू शकतो. म्हणून काय पिकवावे हा प्रश्न तुम्ही पोषणाच्या अंगाने विचाराल, पण स्वातंत्र्याच्या अंगाने तो टिकाऊपणाचा प्रश्न आहे.

शरद जोशींना तुम्ही सरळ दुसऱ्या बाजूला बसवले आहे, ते मला पटले नाही. त्यांनीच पुढे चतुरंग शेतीची मांडणी केली, तिचे चार भाग म्हणजे सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. पहिल्या भागात बाहेरून काही विकत न आणता घरच्या साधनांवर पिकवणे आहे, दुसऱ्यात त्या पिकावर घरातच प्रक्रिया करणे आहे, आणि त्यानंतर बाजार आहे. बाजारात ताठ मानेने उभे राहायचे तर आधी घर भरलेले हवे आणि माल टिकाऊ करता आला पाहिजे, असा त्याचा अर्थ मी लावतो. विनोबांचा मार्ग आणि हा मार्ग पहिल्या टप्प्यावर एकत्रच चालतात.

थेट विक्रीबद्दल मात्र शहरात बराच गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासनिबंधांनुसार टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांसाठी ग्राहक जो रुपया देतो त्यातले साधारण ३३ ते ३७ पैसे शेतकऱ्याच्या हाती येतात. हे वाचून लोकांना वाटते की उरलेले पैसे कोणीतरी लुबाडले. त्यात वाहतूक आहे, हमाली आहे, तोलाई आहे, सडलेला माल आहे, किरकोळ विक्रेत्याचा दिवसभराचा वेळ आहे. मध्यस्थ काढून टाकलात की त्याचा नफा तुम्हाला मिळतो हे खरे, परंतु त्याचे कामही तुमच्याच अंगावर येते. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही ती अशी की अडत्या, म्हणजे बाजारात कमिशनवर आपला माल विकून देणारा, हंगामाच्या आधी उचल देतो. बी-भरणासाठी, मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी. ती उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो, तेथे भावाची चर्चा नसते. म्हणून अडत्यापासून मुक्ती हवी असेल तर आधी एका हंगामाचे खेळते भांडवल स्वतःचे असायला हवे. तुमच्याकडे पगार आहे, म्हणजे ही सर्वांत अवघड पायरी तुम्ही नोकरीत असतानाच चढू शकता. नोकरी सोडून शेतीत स्वातंत्र्य शोधायला येणारे लोक नेमकी हीच शिडी आधी ढकलून देतात.

व्यापार करणाऱ्याने उलटी पट्टीही, म्हणजे माल विकूनही खर्च वजा जाता हाती काही न उरणे, माहीत असावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलपेक्षा जास्त कांदा विकलेल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश आला होता, हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. कांद्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातशुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. तुम्ही दहा घरांना थेट कांदा देत असलात तरी यातून सुटका नाही, कारण तुमची दहा घरेही मंडईतला भाव विचारूनच तुमच्याकडे येतात.

गच्चीवरची

मी कोथरूडमध्ये राहते आणि गच्चीवर भाजी पिकवते. प्रश्नकर्त्याने गच्चीचा उल्लेख केला आहे म्हणून आधी हिशेब मांडते, कारण या विषयावरच्या चर्चेत भावना पुष्कळ असते आणि किलोग्रॅम कमी.

चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण पाच क्विंटल धान्य लागते. आपल्याकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीचे उत्पन्न एकरी चार क्विंटलच्या आसपास धरले तर केवळ भाकरीसाठीच एका एकरापेक्षा जास्त जमीन हवी, आणि एकर म्हणजे चाळीस गुंठे व गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे लक्षात घेतले तर घराची गच्ची त्याच्या जवळपासही जात नाही. धान्य, डाळ आणि तेल गच्चीवर होणार नाही. तो विषय येथेच संपवावा. भाजीचे गणित थोडे बरे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, म्हणजे चौघांना वर्षाला पावणेसहा क्विंटलच्या पुढे. यातला पालेभाज्या, मिरच्या, कढीपत्ता, अळू, दोडका, घोसाळे असा काही वाटा गच्ची देते. उष्मांकांच्या दृष्टीने तो नगण्य आहे, पण रोजच्या खर्चातला जो भाग सर्वांत जास्त वरखाली होतो तोच नेमका भाजीचा असतो, हे घर चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

गच्चीवर मातीचे वाफे करण्याचा विचार असेल तर इमारतीच्या आराखड्याचा अभियंता गाठावा. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो, आणि एक फूट खोलीची भिजलेली माती तेवढ्याच जागेवर ५०० किलोच्या घरात जाते. म्हणूनच पुण्यात इतके जण मातीऐवजी पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत वापरतात. त्यात एक अप्रत्यक्ष मोकळीक आहे. खत विकत घ्यावे लागत नाही आणि कचराही बराचसा घरातच जिरतो.

बियाण्याबद्दल मी आग्रही आहे. संकरित वाणाचे बी धरून पुढच्या वर्षी लावले तर तसेच पीक येत नाही, त्यामुळे दरवर्षी दुकानात जावे लागते. सरळ वाणाचे बी घरी धरता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचा जो संग्रह केला आणि ज्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, तो मला या धाग्यातल्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर वाटतो. त्यांच्या कामाला ज्या बाएफ संस्थेची साथ मिळाली, तिचे मुख्यालय आपल्या वारज्यातच आहे. बियांची अदलाबदल आम्ही काही बायका दर उन्हाळ्याच्या शेवटी करतो. तेथे पैशाचा संबंध येत नाही, आणि येथे तो न आल्याने कोणाचे नुकसानही होत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी वर कोणी विचारलेली नाही. घराचे स्वातंत्र्य म्हणताना घरातल्या कोणाचे? गच्चीवरची बाग असो की माजघर शेती, खुरपणे, निवडणे, वाळवणे, कुरडया घालणे, गिऱ्हाइकाचा फोन घेणे ही कामे कोणाकडे जातात आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात, हे लिहून काढावे. चतुरंग शेतीचे नाव निघालेच आहे, तर त्याच शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करायला पुरुषांना सांगितले होते, हेही निघायला हवे. तीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पुढे कोणाकोणाची नावे लागणार आहेत, सिंहगडरोडकर?

कागदपत्री

महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे नियम करणाऱ्यावरच्या अवलंबनाबद्दल लिहितो. येथे चित्र लोकांना वाटते तितके वाईट नाही, पण ज्या ठिकाणी वाईट आहे तेथे फारच आहे.

प्रथम विक्री. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतमालाची घाऊक खरेदीविक्री समितीच्या आवारात आणि परवानाधारकांमार्फत व्हावी अशी चौकट घातली. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला यांची आवाराबाहेरची विक्री नियमनमुक्त केली, आणि अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. केंद्राचे २०२० चे कायदे यापेक्षा पुष्कळ पुढे जाणारे होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्थगिती दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने ते रद्द केले. त्या वादात न शिरता एवढे सांगतो की तुमच्या तीस गुंठ्यांतली भाजी पुण्यातल्या घरांना थेट विकण्यासाठी बाजार समितीची परवानगी लागत नाही.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी व शेताच्या पातळीवरचे त्याचे उत्पादन यांना हा कायदा लागू नाही असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र त्याच पिकाचा मुरंबा, सॉस किंवा मसाला करून विकायला लागलात की तुम्ही अन्नव्यावसायिक ठरता. लहान प्रमाणावर केवळ नोंदणी लागते, ती अवघड नाही, पण जिरायती यांनी सांगितलेली माजघर शेती या रेषेच्या पलीकडची आहे हे ध्यानात असावे. सेंद्रिय म्हणून विकण्याबाबत २०१७ चे विनियम आहेत. थेट अंतिम ग्राहकाला विकणाऱ्या लहान मूळ उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, परंतु मग जैविक भारतचे चिन्ह वापरता येत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

बियाण्यांबाबतही कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. वाणसंरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, देणेघेणे आणि विकणे या साऱ्याची मुभा दिली आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी त्याच्या नाममुद्रेखाली विकता येत नाही.

विक्रीची जागा ही खरी अडचण. सोसायटीच्या आवारात सोसायटीची संमती पुरते. रस्त्यावर बसायचे तर पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा, नगर पथविक्रेता समिती आणि महापालिकेचे प्रमाणपत्र आले. पणन मंडळाच्या पुढाकाराने भरणारे शेतकरी आठवडे बाजार हा त्यातला मधला मार्ग आहे आणि पुण्यात तो बऱ्यापैकी रुजला आहे.

जमीन ही मात्र खऱ्या अर्थाने बंद पेटी आहे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. खंडाने घ्यावी म्हटले तर मालक लेखी करार द्यायला कचरतो, कारण १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारी कुळे मालक झाली, ही आठवण गावोगावी ताजी आहे आणि कूळ लागेल ही भीती अजून गेलेली नाही. परिणाम असा की कसू इच्छिणाऱ्याला जमीन मिळत नाही आणि ज्याच्याकडे आहे तो ती पडीक ठेवणे पसंत करतो. ज्या कायद्याने लाखो कुळांना मोकळे केले त्याचीच ही दुसरी बाजू आहे. तुमचे वडील खातेदार असल्याने ही अडचण तुम्हाला नाही, पण वाट्याने करणाऱ्या भावकीतल्या माणसाशी काय ठरले आहे ते आजच नीट लिहून घ्यावे.

मुळाकाठ

चर्चा चांगली चालली आहे, परंतु ती जमीन असलेल्यांची आहे. अन्नाच्या अदलाबदलीला स्वातंत्र्याचा मार्ग म्हणताना निदान महाराष्ट्रात तरी थोडे थांबून विचार करावा, असे मला वाटते.

पैशाशिवाय, धान्याच्या रूपाने चालणारी देवघेव आपल्याकडे शतकानुशतके होती. बलुतेदार वर्षभर काम करीत आणि खळ्यावर धान्याचा वाटा घेत. त्या व्यवस्थेत मध्यस्थ नव्हता, बाजार समिती नव्हती, परवाना नव्हता, आणि तरीही त्यातल्या एका मोठ्या वर्गाला काम नाकारण्याचा अधिकार नव्हता. महार वतनात तर रात्री-अपरात्री बोलावणे आले की जावे लागे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर असे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते यासाठीच. कामाचा मोबदला गावाच्या दयेवर न राहता ठरलेला असावा हा त्यामागचा विचार होता. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास जो विरोध केला, त्यामागे हाच अनुभव होता.

माझे आजोबा गाव सोडून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. महिन्याच्या महिन्याला मिळणारा रोख पगार आणि त्यातून कोणत्याही दुकानातून, कोणाचेही उपकार न घेता विकत घेतलेली ज्वारी, हेच त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य होते. पैशाला जात विचारता येत नाही, निदान धान्याच्या वाट्याइतकी नाही. त्यामुळे प्रश्नकर्ते ज्याला अवलंबन म्हणतात त्या पगाराकडे आणि दुकानाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला दरमहा मिळणारे पाच किलो धान्यही त्यातच धरतो. वर्षाला माणशी साठ किलो म्हणजे गच्चीवरच्या ताईंच्या हिशेबाने निम्मी गरज. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्याला मजुरीचा अन्याय्य दर नाकारण्याचे थोडेफार बळ त्यातूनच येते.

जिरायती यांची नाकारण्याची कसोटी मला मान्य आहे. फक्त ती सर्वांना लावून पाहावी. तुम्ही पहाटे मार्केट यार्डात भाव नाकारू शकत नाही, आणि तुमच्या रानात खुरपायला येणारी बाई रोजंदारी नाकारू शकते का?

आणि ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना या मार्गाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे व्यापार, उपलब्ध आहे. मंडईबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या, गल्लोगल्ली हातगाडी फिरवणाऱ्या माणसांकडे आपण मध्यस्थ म्हणून बोट दाखवतो, पण फारसे भांडवल, शिक्षण किंवा ओळख नसताना कोणाचीही चाकरी न करता जगण्याचा पुण्यातला तो सर्वांत मोठा रस्ता आहे. ज्या मंडईला आज महात्मा फुल्यांचे नाव आहे ती १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली, आणि नगरपालिकेचे सदस्य असताना त्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत स्वतः जोतीराव होते. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा असे त्यांचे म्हणणे होते. विक्रेत्याच्या स्वातंत्र्यासाठी मोठी इमारत लागत नाही, त्याची पाटी कोणी उचलून नेणार नाही एवढी खात्री लागते.

जिरायती

मुळाकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. गेल्या काही वर्षांत नाकारू शकते, आणि नाकारतेही. आसपास कारखाने आणि बांधकामे वाढल्याने बायका आता काम उक्ते, म्हणजे ठरावीक रकमेला, घेतात, दर त्याच सांगतात आणि पटले नाही तर दुसऱ्याच्या रानात जातात. शेतकरी याबद्दल कुरकुरतात, मीही त्यात आहे, पण तुमच्या कसोटीवर हे बरोबरच आहे.

कागदपत्री यांनी जमिनीबद्दल लिहिले त्यात एक भर. पुरंदरमध्ये ज्या जमिनी उपसा सिंचन योजनेखाली येतात, त्यांना मुळा-मुठेचे म्हणजे तुम्ही पुणेकरांनी वापरून सोडलेले पाणीच उचलून दिले जाते, आणि विजेचे पैसे भरल्याशिवाय आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटत नाही. सात गावे विमानतळाच्या भूसंपादनात आहेत. सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे शेवटचा शब्द आपला असणे नव्हे, हे तालुक्यातल्या कोणालाही आता समजावून सांगावे लागत नाही.

सिंहगडरोडकर

सर्वांचे आभार. लक्ष्मीमुक्तीचा प्रश्न घरी वाचून दाखवला. त्यावर जी चर्चा झाली ती येथे लिहिण्यासारखी नाही, पण वारसनोंदीच्या वेळी माझ्यासोबत बहिणीचे नाव लागणार हे वडिलांनी आणि मी आता स्पष्ट ठरवले आहे. मुळाकाठ यांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पगार हे बंधन आहे असे धरूनच मी प्रश्न लिहिला होता. त्याच पगारातून एका हंगामाचे भांडवल बाजूला काढता येते ही गोष्ट त्यामुळे वेगळी दिसू लागली.

सध्या नोकरी सोडत नाही. गच्चीवर पालेभाज्या आणि बियांचे काम, आणि तीस गुंठ्यांपैकी दहा गुंठे भावकीतल्या काकांच्याच सोबतीने, लेखी करार करून, पावटा, मटकी आणि बाजरी यांसाठी, असा विचार आहे. एक व्यावहारिक शंका उरते. सोसायटीतली काही घरे माल घ्यायला तयार आहेत. भाव दर आठवड्याला मंडईप्रमाणे ठेवावा, की हंगामाच्या सुरुवातीला एकदाच ठरवून आगाऊ पैसे घ्यावेत?

जिरायती

टिकाऊ मालाला हंगामाचा एकच भाव ठरवा, भाजीला ठरवू नका. भाजीचा भाव पावसाळ्यात दुप्पट झाला की तुम्हाला ठरलेल्या दराने देणे जड जाते आणि हिवाळ्यात पडला की गिऱ्हाईक मंडईत जाते. दोन्ही वेळा तोंड वाईट होते. आगाऊ पैशांबद्दल माझे मत थोडे निराळे आहे. अर्धी रक्कम आधी घेतली तर बी-भरण आणि मजुरी निघते, अडत्याच्या उचलीची गरज राहत नाही, पण ती रक्कमही उचलच असते. फक्त देणारा बदलतो आणि तो तुमच्याच जिन्यात भेटतो. पीक गेले तर पैसे परत करायचे, की पुढच्या हंगामात माल द्यायचा, हे घेतानाच लिहून ठेवा. पहिल्या वर्षी आगाऊ न घेतलेलेच बरे, कारण दहा गुंठ्यांत किती निघते ते तुम्हाला अजून माहीत नाही.

कागदपत्री

आणि वजनकाटा वैधमापन खात्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यावा. घरगुती काट्यावर माल विकता येत नाही. सोसायटीत पहिली तक्रार भावाची होत नाही, वजनाची होते.